घराला, दुकानाला टाइल बसवताय? कोणत्या जागेला कोणती, हे आधी वाचा

सोयाबीन-कापसाचा पैसा हातात आला की गावोगाव घरांची कामं निघतात. सारवलेली जमीन गेली, शहाबादी आणि कोबाही मागे पडला. आता घरकुलातसुद्धा टाइल लागते. पण दुकानात गेल्यावर बहुतेक जण चमक आणि भाव एवढंच बघतात. चकचकीत टाइल न्हाणीत बसली की घरातलं म्हातारं माणूस घसरतं. खुब्याचं हाड मोडलं तर टाइलमध्ये वाचलेल्या पैशाच्या कितीतरी पट पैसा दवाखान्यात जातो. म्हणून जागा बघून टाइल घ्यावी.

टाइलचे मुख्य प्रकार

आपल्याकडे येणारा बराचसा माल गुजरातमधल्या मोरबीचा असतो. त्यात तीन प्रकार ओळखता आले तरी पुरे.

भिंतीची सिरॅमिक टाइल: ही हलकी असते आणि वरून काचेसारखा थर असतो. वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त पाणी पिते. ही फक्त भिंतीलाच लावायची. स्वस्त पडते म्हणून जमिनीवर टाकली तर वजनाने फुटते.

जमिनीची सिरॅमिक टाइल: बहुतेक 12 बाय 12 इंचाची. भिंतीच्या टाइलपेक्षा मजबूत. खरबरीत पृष्ठभागाची घेतली तर न्हाणी, संडासाला चांगली.

व्हिट्रिफाइड टाइल: जास्त उष्णतेवर भाजलेली, घट्ट. पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पिते. 2 बाय 2 आणि 2 बाय 4 फुटांत मिळते. खोल्या आणि दुकानासाठी हीच.

शंका आली तर टाइल उलटी करून मागच्या बाजूला पाण्याचे थेंब टाका. लगेच जिरले तर ती भिंतीची समजा.

कुठे कोणती लावायची

न्हाणी, संडास, मोरी: इथे पैसा वाचवू नका. मॅट, खरबरीत टाइलच घ्या. काही कंपन्या न घसरण्याचा आकडा देतात. तो आर 9 पासून आर 13 पर्यंत असतो आणि आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. न्हाणीला आर 10 किंवा आर 11 बघा. आकडा नसेल तर दुकानातच टाइलवर साबणाचं पाणी ओतून हात घासून बघा.

स्वयंपाकघर: ओट्यामागच्या भिंतीला गुळगुळीत सिरॅमिक चांगली, फोडणीचे डाग ओल्या फडक्याने निघतात. खाली मात्र मॅट घ्या.

पडवी, अंगण: पावसात ओली होणारी जागा. इथे जाड, खरबरीत पार्किंग टाइल लावा. घरातली चकचकीत टाइल पडवीत आणू नका.

बैठकीची खोली: काळ्या मातीचे पाय घरात येणारच. एकदम पांढऱ्यावर माती दिसते, एकदम काळ्यावर धूळ दिसते. करडा, बदामी रंग बरा पडतो.

दुकान, हॉटेल, कृषी सेवा केंद्र: पोती ओढली जातात, दिवसभर राबता असतो. नुसती वरून छापलेली टाइल काही वर्षांत झिजते आणि नक्षी उडते. डबल चार्ज प्रकारात रंगाचा थर 3 ते 4 मिलिमीटर असतो, म्हणून ओरखडे कमी दिसतात. हॉटेलात भांडी घासायच्या जागेला खरबरीतच हवी.

हिशेब असा करा

2 बाय 2 ची टाइल प्रत्यक्षात 600 मिलिमीटरची असते, म्हणजे पूर्ण दोन फूट भरत नाही. 4 टाइलच्या बॉक्सला तोंडी 16 चौरस फूट धरतात, पण भरतात साडेपंधरा.

10 बाय 12 ची खोली 120 चौरस फूट. तिला 31 टाइल लागतात. कापण्यात, फुटण्यात 10 टक्के जातात, म्हणजे 34. त्यामुळे 9 बॉक्स घ्यावे लागतात. घरकुलाचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 चौरस फूट. त्यातून भिंतींची जागा वजा करून याच पद्धतीने आकडा काढा.

सगळ्या बॉक्सवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे का, ते गाडीतून उतरवतानाच तपासा. नंबर वेगळा असेल तर बसवल्यावर रंगात फरक दिसतो. बॉक्सवर प्रीमियम लिहिलंय की स्टँडर्ड, तेही वाचा. पक्कं बिल घ्या आणि एक बॉक्स घरात शिल्लक ठेवा. पुढे तोच रंग मिळेलच असं नाही.

भराव कच्चा तर टाइल कच्ची

टाइल खचते ती बहुतेक वेळा खालच्या भरावामुळे. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून जोत्यात ती भरू नका. मुरूम भरा. 6 ते 9 इंचांचा एकेक थर टाकून पाणी मारा आणि धुम्मस करा. त्यावर कोबा करून मगच टाइल.

न्हाणीत पाणी निघायच्या जाळीकडे दर 4 फुटांना पाऊण इंच ढाळ ठेवायला सांगा. वॉटरप्रूफिंग टाइलच्या आधी होतं, नंतर नाही.

सिमेंटने बसवायची असेल तर भिंतीची सिरॅमिक टाइल आधी पाण्यात भिजवावी लागते. नाहीतर ती सिमेंटमधलं पाणी ओढून घेते आणि नंतर सुटते. व्हिट्रिफाइड पाणी पीत नाही, त्यामुळे सिमेंट तिला नीट धरत नाही. तिच्यासाठी टाइल चिकटवायचा तयार माल, म्हणजे ॲडहेसिव्ह वापरा. त्यासाठी आयएस 15477 हे भारतीय मानक आहे, गोणीवर तो आकडा बघा.

दोन टाइलमध्ये स्पेसर घालून 2-3 मिलिमीटर फट ठेवा आणि ती ग्राउटने भरा. मिस्त्रीचा हिशेब चुकता करण्याआधी प्रत्येक टाइलवर नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर ती टाइल काढून पुन्हा बसवून घ्या.

साफसफाई

डाग काढायला ॲसिड ओतू नका. त्याने फटीतलं सिमेंट विरघळतं आणि पाणी आत मुरतं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर एकत्र कधीच करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. रोजच्याला साबणाचं कोमट पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरतो.

हातात पैसा कमी असेल तर आधी भराव, कोबा आणि न्हाणी पक्की करा. बैठकीची भारी टाइल पुढच्या सुगीलाही बसवता येते.