तपकीर गल्ली ते कॅम्प : पुण्यातील नाताळच्या माळेचा इतिहास

१/ डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला, की पुण्यातील कॅम्प आणि नाना पेठ या भागांतील घरे दिव्यांच्या माळांनी उजळू लागतात. गॅलरीत कागदी तारा, खिडकीला माळ, दाराशी गव्हाणीचा देखावा. ही सारी सजावट इंग्रजांनी आणली, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र त्याहून गुंतागुंतीचा आहे. 🧵

२/ प्रथम शब्द पाहू. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला आणि त्याचे मूळ ‘जन्मासंबंधीचा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. पाव, पगार, चावी, पाद्री हे शब्दही मराठीत याच वाटेने आले. म्हणजे मराठी मुलखाला या सणाची ओळख लंडनने नव्हे, तर गोवा, वसई आणि चौल या किनाऱ्याने करून दिली.

३/ पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडील ख्रिस्ती शिपाई आणि अधिकारी होते. त्यांच्या प्रार्थनामंदिरासाठी सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७९२ मध्ये, जागा देण्यात आली. क्वार्टर गेटजवळचे आजचे ‘सिटी चर्च’ ते हेच. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले १८१७ मध्ये. पुण्यातील नाताळ त्याहून जुना आहे.

४/ आता दिवे. विजेपूर्वीच्या महाराष्ट्रात सणाचा उजेड तेलाचा होता. देवळापुढील दगडी दीपमाळ ही त्याची भव्य खूण. जेजुरीच्या गडावर जाताना अशा दीपमाळा आजही दिसतात. दिव्यांची ओळ म्हणजे ‘माळ’, ही कल्पना मराठीत विजेच्या कितीतरी आधी रुजलेली होती. पुढे तारेत ओवलेले बल्ब आले, तेव्हा त्यांना नवे नाव शोधावे लागले नाही.

५/ युरोपात नाताळच्या झाडावर मेणबत्त्या लावण्याची चाल प्रामुख्याने जर्मन प्रदेशांतली. व्हिक्टोरिया राणीचे कुटुंब सजवलेल्या झाडाभोवती उभे असल्याचे चित्र १८४८ मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आले आणि ती चाल इंग्लंडच्या मध्यमवर्गात पसरली. वाळलेल्या फांदीवर उघडी ज्योत, म्हणजे आगीला आमंत्रणच. त्यामुळे मेणबत्त्या थोडाच वेळ पेटवीत आणि जवळ पाण्याची बादली ठेवीत.

६/ हा धोका टाळणारी माळ प्रथम दिसली न्यूयॉर्कमध्ये. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने डिसेंबर १८८२ मध्ये आपल्या घरातील झाडावर तांबडे, पांढरे आणि निळे असे ८० बल्ब लावले. ते झाड विजेवर गोल फिरत होते. यात भक्तीइतकाच व्यापारही होता. वीज घरात आणण्यासारखी आहे, हे लोकांना पटवायचे होते.

७/ पण ही हौस धनिकांचीच राहिली, कारण प्रत्येक बल्ब कारागिराला हाताने तारेत जोडावा लागे. १८९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी विजेच्या दिव्यांचे झाड उभे राहिले. १९०३ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिक कंपनीने तयार जोडलेल्या माळा बाजारात आणल्या आणि मग हळूहळू माळ सामान्य घरांच्या आवाक्यात येऊ लागली.

८/ याच काळातले पुणे कसे होते? गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचे चर्च १८८५ मध्ये उभे राहिले. ऑक्टोबर १८९० मध्ये तेथे एक सभा झाली आणि पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापली गेली आणि शहरात वादळ उठले.

९/ त्या नावांत न्यायमूर्ती रानडे आणि बाळ गंगाधर टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य माजले, आणि अखेर १८९२ मध्ये रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. मिशनमधला एक पेला चहा म्हणजे सामाजिक अपराध, असे ते शहर होते. ख्रिस्ती घराच्या आणि सनातनी घराच्या सजावटीत काही समान असेल, ही कल्पनाही तेव्हा धाडसाची ठरली असती.

१०/ दोन्ही घरांत पुढे एकच गोष्ट शिरली, ती म्हणजे वीज. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, पाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरीचे आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे. सह्याद्रीच्या पावसाची वीज प्रथम मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. घरगुती वीज पसरत गेली, तशी गणपतीची आरास, दिवाळीची गॅलरी आणि नाताळचे झाड या तिन्ही ठिकाणी एकाच प्रकारची माळ दिसू लागली.

११/ त्या जुन्या माळेचे शास्त्र शाळेच्या पुस्तकातले आहे : एकसर जोडणी. घरातील दाब २३० व्होल्ट आणि चिमुकला बल्ब सुमारे ६ व्होल्टचा. म्हणून ३८-४० बल्ब एकामागोमाग एक जोडीत. एकाची तार तुटली, की वाट खंडित होऊन सारी माळ अंधारात. मग एकेक बल्ब बदलून दोषी शोधण्याचा उद्योग गणपतीच्या आदल्या रात्री जसा चाले, तसाच नाताळच्या आदल्या रात्रीही.

१२/ तो उद्योग बराचसा थांबवला एलईडीने. तांबडे आणि हिरवे एलईडी आधीपासून होते, अडचण होती ती तेजस्वी निळ्याची. जपानी संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत ती सोडवली आणि पांढऱ्या एलईडीचा मार्ग मोकळा झाला. या कामासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. आजची स्वस्त, थंड आणि अल्प विजेवर चालणारी माळ याच शोधाचे फळ आहे.

१३/ माळेशेजारचा ताराही पाहण्याजोगा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात मागी लोकांना बाळ येशूकडे नेणारा तारा, हा त्याचा अर्थ. पण बांबूच्या काड्यांचा सांगाडा, खळीने चिकटवलेला रंगीत कागद आणि आत दिवा ही त्याची घडण आकाशकंदिलाचीच. ताटातही तेच नाते दिसते. गोव्याकडील घरांत नाताळला होणारी नेवरी आणि दिवाळीची करंजी या सख्ख्या बहिणी होत.

१४/ बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही विजेच्या सामानाची पेठ. भाद्रपदाआधी तेथे गणपतीसाठी माळा विकल्या जातात, आश्विनात दिवाळीसाठी आणि डिसेंबरात नाताळसाठी. विकत घेणाऱ्याचा धर्म दुकानदार विचारत नाही. तेथून पंचहौदचे चर्च फार दूर नाही. १८९० मध्ये त्या चर्चच्या आवारातील चहासाठी ज्या शहराने आपल्या थोर माणसांना प्रायश्चित्त घ्यायला लावले, त्याच शहरात आज दिवाळीला उतरवून ठेवलेली माळ शेजारच्या घरी नाताळसाठी उसनी दिली, तर त्याची कोठे बातमीही होणार नाही.