जुनी मशीद आणि जपणुकीचे नियम



मुंबईचं मशीद बंदर स्टेशन कुठल्या मशिदीवरून ओळखलं जातं? आपल्या घरांत वाडवडील सांगत आले, की ती मशीद आपलीच. बेने इस्राएल लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत. सामाजी हसाजी, म्हणजे सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभारलं. त्याचं नाव शाआर हारहमीम, पण आपल्या तोंडी ‘जुनी मशीद’. सॅम्युअल स्ट्रीटवरची सध्याची इमारत १८६० ची.

आज आम्ही इस्राएलात राहतो. तेल अवीवच्या रॉथशिल्ड रस्त्यावरून फिरताना १९३० च्या दशकातली साधी, पांढरी घरं दिसतात. युनेस्कोने २००३ मध्ये या ‘पांढऱ्या शहरा’ला जागतिक वारसा ठरवलं. नगरपालिकेच्या आराखड्यात सुमारे १००० इमारती जपायच्या आहेत. त्यांतल्या काहींवर एकही मजला चढवता येत नाही. मग मालकाचं नुकसान? ते न केलेलं बांधकाम त्याला हक्क म्हणून शहरात दुसरीकडे विकता येतं.

असाच उपाय मुंबईत १९९५ च्या वारसा नियमांत आला. त्याला तिथे टीडीआर म्हणतात. नियमांत इमारतींच्या श्रेणीही आहेत. पहिल्या श्रेणीच्या इमारतीला अत्यावश्यक दुरुस्तीखेरीज हात लावायचा नाही. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल तपासून मंजूर होतात. तिसऱ्या श्रेणीत त्याहून जास्त मोकळीक असते. आम्ही जन्मभर नर्सिंग केलं, म्हणून आम्हांला हे केसपेपरसारखं वाटतं. काय करायचं, काय टाळायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. पण नुसत्या केसपेपरने रोगी बरा होत नाही.

गळतं छप्पर दुरुस्त करायला पैसा लागतो आणि ते गळतंय हे बघायला माणसं लागतात. काळा घोड्याजवळचं केनेसेथ एलियाहू हे बगदादी यहुद्यांचं सिनेगॉग. जेकब ससून यांनी ते वडिलांच्या स्मरणार्थ १८८४ मध्ये बांधलं. त्याची मोठी दुरुस्ती २०१९ मध्ये पूर्ण झाली, ती देणग्यांमुळे. आणि सिनेगॉगला याहून एक जास्त गोष्ट लागते, ती म्हणजे मिन्यानसाठी दहा पुरुष. ते कुठल्याच नियमाने मिळत नाहीत. १९४८ नंतर आपण हजारोंनी इथे आलो. बाकं रिकामी झाली, त्यात आपलाही हात आहे. आल्याचा पस्तावा नाही, पण हे कबूल करायला हवं.

म्हणून एक विनंती. मुंबईला गेलात तर एक शब्बाथ तिथल्या सिनेगॉगमध्ये काढा. शामाशला भेटा, दानपेटीत काही टाका. आणि घरातले जुने फोटो फेकू नका. दुरुस्ती करणाऱ्यांना इमारत पूर्वी कशी होती याचा पुरावा लागतो. आमच्या आईच्या लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीच्या मागे बायकांच्या सज्जाचा कठडा स्पष्ट दिसतो. आम्ही इतकी वर्षं फक्त आईची साडी बघत होतो. आता त्या फोटोमागे सिनेगॉगचं नाव आणि साल लिहून ठेवलं आहे. तुमच्या पेटीत असा फोटो असेल, तर आजच लिहा. सांगणारी माणसं अजून आहेत.

शालोम.