मुरण्याची मुभा : उसाचे मद्य, अबकारी सत्ता आणि धाराशिव

मद्याच्या इतिहासाचा विचार मराठीत प्रामुख्याने महसूल आणि दारूबंदी या दोन अंगांनी झालेला दिसतो. मद्याची चव हा विषय रसिकतेचा मानून अभ्यासकांनी तो बाजूला ठेवला. वस्तुतः चव घडण्यास काळ लागतो आणि तो काळ उपलब्ध करून देणे अथवा नाकारणे हे सत्तेच्या हाती असते. ब्राझीलमधील काशासा या उसाच्या मद्याच्या संदर्भात धाराशिव जिल्ह्याचा विचार केल्यास ही बाब स्पष्ट होते.

काशासा हे मळीपासून नव्हे, तर उसाच्या ताज्या रसापासून तयार होते. रस आंबवून तो तांब्याच्या भट्टीत गाळला जातो. लहान उत्पादकांचे मद्य पुढे लाकडी पिंपांत मुरते आणि ही पिंपे केवळ युरोपीय ओकचीच असतात असे नाही. आंबुरानाच्या पिंपातील मद्याला दालचिनी व व्हॅनिलाचा गंध येतो. बाल्सामोच्या पिंपातील मद्य हिरवट सोनेरी दिसते, त्याची चव किंचित कडवट आणि बडीशेपेच्या जवळ जाणारी असते. जेकितिबा हे लाकूड सौम्य मानले जाते, तर आमेंदोईम मद्याला फारसा रंग देत नाही, केवळ त्याचा तिखटपणा कमी करते. जाणकार चाखणारा म्हणूनच प्रथम लाकूड ओळखतो. ब्राझीलच्या कायद्यानेही या मुरण्याची दखल घेतली आहे. काशासाची तीव्रता 38 ते 48 टक्के असावी लागते. ‘मुरलेली’ म्हणवून घेण्यासाठी त्यातील किमान निम्मे मद्य 700 लिटरपर्यंतच्या पिंपात किमान 1 वर्ष राहिलेले असावे, असा नियम आहे.

ही मान्यता सहजासहजी मिळालेली नाही. पोर्तुगालहून येणाऱ्या मद्याचा खप घटू नये म्हणून राजसत्तेने 1649 मध्ये काशासावर बंदी घातली. 1660 मध्ये रिओच्या गव्हर्नरने कर लादताच तेथील उत्पादकांनी उठाव केला आणि काही महिने शहराचा कारभार हाती घेतला. उठावाचा नेता जेरोनिमो बार्बाल्यो याला मृत्युदंड झाला, परंतु 1661 मध्ये राजसत्तेला उत्पादनास परवानगी द्यावी लागली. हेच मद्य अंगोलाच्या किनाऱ्यावर गुलामांच्या मोबदल्यात दिले जात असे, हेही त्याच्या सुगंधाचे कौतुक करताना विसरता येत नाही.

उसाच्या मद्याची परंपरा भारतात याहून पुष्कळ जुनी आहे. चरकसंहितेत कच्च्या आणि शिजवलेल्या रसाच्या मद्यांचा वेगवेगळा निर्देश आहे. मनुस्मृतीत सुरेच्या तीन प्रकारांत ‘गौडी’ येते. कौटिल्याच्या मैरेयात मेषशृंगीच्या सालीचा काढा आणि गूळ एकत्र येतात. झाडाचा गुण मद्यात उतरवण्याची कल्पना येथेही होती, तिला पिंपाची जोड मात्र मिळाली नाही.

निजामी राजवटीत उस्मानाबाद (2023 पासून अधिकृतपणे धाराशिव) जिल्ह्यात मद्य म्हणजे मुख्यतः शिंदी आणि मोहाची दारू. शिंदी सकाळी गोड, सायंकाळी आंबट आणि दुसऱ्या दिवशी निरुपयोगी. अबकारी हा हैदराबाद संस्थानाच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. म्हणूनच स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली 1947 मध्ये स्टेट काँग्रेसचा लढा सुरू झाला, तेव्हा जंगल सत्याग्रहाबरोबर शिंदीची झाडे तोडणे हाही त्याचा कार्यक्रम झाला. रिओतील उत्पादक मद्य गाळण्याच्या हक्कासाठी उठले. मराठवाड्यातील सत्याग्रहींनी मद्याचे मूळच तोडले. त्यांचा निर्णय योग्यच होता, कारण त्या झाडाच्या रसावर गावाचा नव्हे, तर निजामाच्या खजिन्याचा हक्क होता. तथापि, मद्य आणि परकी सत्ता यांचे समीकरण त्यामुळे लोकमानसात दृढ झाले असावे.

1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1949 चा मुंबई दारूबंदी अधिनियम पुढे येथेही लागू झाला. उसापासूनचे मद्य यानंतर हातभट्टीच्या रूपाने उरले. काळा गूळ, नवसागर आणि बाभळीची साल ही तिची सामग्री. बाभळीच्या सालीतील तुरटपणा हा मैरेयाचा दूरचा आप्त म्हणता येईल, पण तो मुरण्यास अवधी कोठे होता? पिंप भरून वर्षभर ठेवणे म्हणजे वर्षभर पुरावा सांभाळणे. आज गाळलेली दारू आजच विकली पाहिजे आणि धाड पडली तर जमिनीत पुरलेले ‘रसायन’ ओतून देऊन पळता आले पाहिजे. विषबाधेच्या घटनांमागेही ही घाई आणि भेसळ होती. ज्या घरांतील कर्ती माणसे त्यात गेली, त्यांच्यापुढे चवीचा प्रश्न काढणे निष्ठुरपणाचे ठरेल. परंतु चव आणि सुरक्षितता या दोहोंना उसंत लागते.

परवान्याच्या मद्याची कथा निराळी आहे. सहकारी कारखानदारीत, ढोकीच्या तेरणा कारखान्यासारख्या ठिकाणी, रसाची साखर होते आणि मद्यार्क उरलेल्या मळीचा होतो. उंच स्तंभात तो सुमारे 95 टक्क्यांपर्यंत शुद्ध केल्यावर उसाची ओळख त्यात जवळजवळ राहत नाही. 1973 च्या महाराष्ट्र देशी दारू नियमांखालील मद्य याच अर्कात पाणी व स्वाद मिसळून सिद्ध होते. संत्र्याचा स्वाद बाटलीवर असतो, शिवारातील उसाचा कोठेच नसतो. अबकारी खात्याचे मोजमाप तीव्रतेचे आहे. 25 अंश कमी प्रूफ म्हणजे सुमारे 42.8 टक्के, एवढे जुळले की तपासणी बव्हंशी संपते.

गोव्याचा अनुभव येथे उद्बोधक आहे. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेल्या काजूच्या बोंडांपासून गावोगावच्या भट्ट्यांत फेणी गाळली गेली. ती भट्टी कायद्याबाहेर ढकलली गेली नाही. 2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या ब्राझीलने काजू दिला, त्याच्या काशासाप्रमाणेच येथेही नाव प्रथम गावात आणि नंतर राजपत्रात आले.

धाराशिवच्या उसाचा रस ऊर्ध्वपातनाच्या स्तंभात थेट जाण्याचा मार्ग अखेर 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने खुला केला. त्यातून निघणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते.