दशावतारातील उत्स्फूर्त संवाद

सिंधुदुर्ग जिल्हा आणि गोव्याच्या लगतच्या भागात जत्रांमधून रात्रभर रंगणाऱ्या दशावतार या लोकनाट्याला परंपरेने लिखित संहिता नसते. खेळापूर्वी रंग लावता लावता मंडळाचा प्रमुख त्या रात्रीचे पौराणिक आख्यान, प्रवेशांचा क्रम आणि कोणी कोणते पात्र करायचे एवढेच सांगतो. संवाद नट रंगमंचावरच रचतो.

मात्र ही उत्स्फूर्तता पूर्वतयारीवाचून येते असे मानणे चूक ठरेल. रामायण, महाभारत आणि पुराणांतील कथा, त्यांतील नातीगोती, शाप-वरदाने नटाला मुखोद्गत असावी लागतात. नवखा नट ती ज्येष्ठांचे खेळ पाहत, लहान भूमिका करत आत्मसात करतो. राजा आणि राक्षस, किंवा नारद आणि राजा, यांच्या वादात खरा कस लागतो. समोरच्याने अनपेक्षित प्रश्न टाकला की पात्राचा स्वभाव न सोडता, कथेला धक्का न लावता तत्काळ उत्तर द्यावे लागते. जाणकार प्रेक्षक अशा जुगलबंदीसाठी पहाटेपर्यंत बसतात. आख्यानातील भाषा बहुधा भारदस्त, प्रमाण मराठी. मुख्य आख्यानाआधीच्या पूर्वरंगातला संकासुर हा राक्षस मात्र मालवणीत बोलून गावातल्या ताज्या गोष्टींवरही कोटी करतो. हार्मोनियम, मृदंग व झांज वाजवणारेही नटाच्या बोलण्याचा रोख ओळखून साथ देतात, पदासाठी सूर धरतात. त्यामुळे एकच आख्यान दोन गावांत सारखे होत नाही. वेळ कमी असेल तर प्रवेश आटोपते घेतले जातात, रंग भरला तर वाढवले जातात.