हॉटेलातला रोल घरच्या ताटात

बॉस्टनच्या पार्कर हाउस हॉटेलाची गोष्ट आपल्यापैकी काहींनी ऐकली असेल. चिडलेल्या बेकरने मैद्याचे गोळे भट्टीत भिरकावले आणि दुमडलेला रोल जन्माला आला म्हणे! गोष्ट झकास, पुरावा नाही. हॉटेल १८५५ साली उघडलं, एवढं पक्कं.

आपला प्रश्न वेगळा आहे. हा लोणीदार रोल थँक्सगिव्हिंगच्या घरच्या जेवणात पोचला कसा? हॉटेलात पगारी बेकर होता. घरी हे काम बाईचं. आणि खमीर बेभरवशाचं. बटाटा नाहीतर हॉप्स घालून ते घरीच करायचं, जपायचं. ते बिघडलं की ऐन सणाला पाव म्हणजे दगड, आणि बोल कुणाला, हे सांगायला नको. १८६८ मध्ये फ्लाइशमन बंधूंनी सिनसिनाटीत दाबलेल्या यीस्टच्या वड्या काढल्या. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात त्यांचा ताजा पाव लोकांनी चाखला.

मग १८९६ मध्ये फॅनी फार्मर यांचं पाकपुस्तक आलं. प्रकाशकाला भरवसा नव्हता. पहिल्या ३,००० प्रतींचा खर्च बाईंनीच सोसला. मापं मात्र काटेकोर, सपाट कप नि सपाट चमचा. पार्कर हाउस रोलची कृती त्यात आहे. दूध तापवून कोमट करायचं, कारण गरम दुधात यीस्ट मरतं. पीठ दोनदा फुगवून लाटायचं, गोल कापायचं, सुरीच्या मुठीने मधोमध खाच पाडायची, अर्ध्या भागाला वितळलेलं लोणी लावून दुमडायचं. त्या लोण्यामुळेच भाजल्यावर दोन्ही पाकळ्या हाताने अलगद सुटतात.