हुस्नलाल-भगतराम : एका जोडीचं कूळ

हिंदी चित्रपटाच्या पाटीवर संगीतकार म्हणून दोन नावं जोडून लिहायची रीत हुस्नलाल-भगतराम यांच्यापासून रूढ झाली. पहिली संगीतकार जोडी म्हणून त्यांचंच नाव घेतात. दोघे सख्खे भाऊ, तेव्हाच्या जालंधर जिल्ह्यातल्या काहमा गावचे. भगतराम १९१४ चे, हुस्नलाल १९२० चे. थोरले बंधू पंडित अमरनाथ हेही संगीतकार. म्हणजे घराणं अस्सल पंजाबी, त्यात आपला कृष्णाकाठच्यांचा काय संबंध? पण गाण्यात रक्ताच्या नात्याइतकीच गुरूची नाती मोजतात, आणि तशी मोजत वर गेलं की आपण थेट कृष्णाकाठी येऊन पोचतो.

दोघे भाऊ दिलीपचंद्र वेदींकडे शिकले. वेदी शिष्य भास्करबुवा बखल्यांचे, आणि बुवांच्या पश्चात फैयाज खाँसाहेबांचे. भास्करबुवा पुण्याचे खरे, पण पंजाबातल्या रसिकांना ते परके नव्हते. तिकडची वाट त्याआधीच एकानं मळवून ठेवली होती. कराडच्या खाली कृष्णा सांगली-मिरजेवरून कुरुंदवाडकडे जाते, तिथले विष्णु दिगंबर पलुस्कर. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकून १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली, आणि १९०१ मध्ये लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी: गाणं असं शाळेसारखं शिकवायची कल्पना मिरजेच्या मुशीतल्या माणसानं आधी पंजाबात उभी केली, मग मुंबईत. या उलट्या प्रवासाचं मला नेहमी नवल वाटतं.

भास्करबुवांचं दुसरं अंग नाटकाचं. सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘स्वयंवर’ लिहिलं, ते १९१६ मध्ये रंगभूमीवर आलं. त्याच्या चाली बुवांच्या. त्याआधी १९११ मध्ये खाडिलकरांच्याच ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या. टेंबे पेटीवाले, बुवांच्या साथीला बसणारे. शब्द दुसऱ्याचे, गळा तिसऱ्याचा आणि चाल बांधणारा वेगळाच, अशी कामाची वाटणी आपल्याकडे बोलपटाच्या कितीतरी आधी मुरलेली होती. संगीत-दिग्दर्शक हे भारदस्त नाव नंतरचं.

मग कोल्हापूर. हा सगळा पट्टाच त्या काळात काहीतरी घडवण्याच्या नादाला लागलेला होता: कराडशेजारी ओगलेवाडीत काच आणि कंदील, किर्लोस्करवाडीत नांगर, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः बनवलेला कॅमेरा. बाबूरावांच्या तालमीतून निघालेल्या मंडळींनी १ जून १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’चं संगीत टेंब्यांचं, आणि त्यातल्या राजा हरिश्चंद्राच्या भूमिकेतही तेच. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. तिथे संगीतकार केशवराव भोळे आले, पाठोपाठ मास्टर कृष्णराव. हे कृष्णराव म्हणजे भास्करबुवांचे पट्टशिष्य. कंपनीचा पगारी संगीतकार, कंपनीचा वाद्यमेळ, कंपनीचे गाणारे नट, असा तो एका छपराखालचा संसार.

१९४२ मध्ये प्रभातच्या संस्थापकांपैकी दिग्दर्शक व्ही. शांताराम बाहेर पडले आणि संसाराची घडी विस्कटली. प्रभात बाहेरची माणसं बोलावू लागली. १९४४ चा ‘चाँद’ हा असाच एक हिंदी चित्रपट: दिग्दर्शक डी. डी. कश्यप, बेगम पाराचं पहिलं काम, आणि संगीतावर हुस्नलाल-भगतराम हे जोडनाव प्रथमच. मास्टर कृष्णराव ज्या स्टुडिओत चाली बांधत बसायचे तिथेच त्यांच्या गुरुबंधूचे शिष्य येऊन बसले. कुरुंदवाड-मिरजेहून लाहोरकडे गेलेल्या वाटेची दुसरी बाजू पुण्यात उतरली, असं मी म्हणतो. प्रभातच्या मालकांच्या मनात वंशावळ अर्थातच नसणार, त्यांना चालणाऱ्या चाली हव्या होत्या. दोन वर्षांनी देव आनंदचा पहिला चित्रपट ‘हम एक हैं’ प्रभातनंच काढला, त्याचंही संगीत याच जोडीचं.

जोडी का लागली, याचं उत्तर कामातच आहे. भगतराम पेटीवर, हुस्नलाल व्हायोलिनवर. म्हणजे चाल सुचते ते वाद्य आणि वाद्यमेळाला घेऊन चालतं ते वाद्य, दोन्ही घरातच. पगारी नोकरी गेली आणि चित्रपटागणिक ठरवून काम सुरू झालं, तेव्हा चाल बसवा, गाणाऱ्याकडून घोटून घ्या, वादकांची तालीम करा, ध्वनिमुद्रण उरका, पार्श्वसंगीत लावा, हे सारं एका जिवानं किती ओढायचं? कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, दोघी वळतात आणि पुढे नाव एकट्या कृष्णेचं उरतं. या भावांनी तसं होऊ दिलं नाही. धाकट्याचं नाव आधी घेतलं, थोरल्याचं मागून, आणि दोन्ही टिकवली.

१९४८ चा ‘प्यार की जीत’ आणि १९४९ चा ‘बडी बहन’ यांनी त्यांना शिखरावर नेलं. दोन्हींत गायिका-अभिनेत्री सुरैया. ‘बडी बहन’चे दिग्दर्शक पुन्हा कश्यपच, आणि गाणाऱ्यांत लता मंगेशकर, दीनानाथांच्या सांगलीच्या घरात वाढलेली मुलगी, तेव्हा विशीची. गांधीहत्येनंतर राजेंद्र कृष्ण यांनी बापूंवर लिहिलेलं आणि मोहम्मद रफींनी गायलेलं दीर्घ गाणंही यांच्याच चालीतलं.

उतार लवकर लागला. पन्नाशीच्या दशकात कामं आटली. हुस्नलाल १९६८ मध्ये दिल्लीत गेले. भगतराम उरलेली वर्षं इतरांच्या वाद्यमेळात पेटी वाजवत होते, ते १९७३ मध्ये गेले. ज्यांनी जोडीला बाजारात पत मिळवून दिली त्यांची ही अखेर मला बोचते.

कूळ मात्र वाढलं. त्यांच्याकडे तबला वाजवणाऱ्या शंकरनं जयकिशनला सोबत घेऊन १९४९ मध्ये ‘बरसात’ दिला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या खय्यामनं १९४८ च्या ‘हीर रांझा’त रहमान वर्मा यांच्यासह ‘शर्माजी-वर्माजी’ असं जोडनाव घेतलं. वर्मा पाकिस्तानात गेले आणि शर्माजी एकटेच राहिले. हुस्नलालकडे व्हायोलिनचे धडे घेणाऱ्यांत एक मराठी पोरगाही होता, लक्ष्मीकांत कुडाळकर. त्याला प्यारेलाल भेटला आणि १९६३ मध्ये ‘पारसमणि’ आला.