जखमेचा होन आणि दवाखान्याचं कार्ड

आमच्या अण्णांच्या कपाटात रेक्झिनची एक जुनी पिशवी आहे. तिच्यात डिस्चार्ज बुक, पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) झेरॉक्स आणि प्लॅस्टिकचं एक कार्ड. घरातलं सोनं गेलं तरी चालेल, पण ही पिशवी हरवता कामा नये, असं ते बजावतात. अण्णा माझे चुलते. हवालदार होऊन पलटणीतून घरी आले तेव्हा त्यांनी चाळिशीही ओलांडली नव्हती. आज पंच्याहत्तरी उलटली आहे.

परवा त्यांची दाढ ठणकू लागली, म्हणून त्यांना माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये घेऊन गेलो. दार उघडायच्या आधीच बाकं भरलेली होती. कुणाच्या हातात शुगरचे रिपोर्ट, कुणाच्या हातात मोठ्या हॉस्पिटलच्या रेफरलचा कागद. खिडकीवर कार्ड दिलं, मशीनमध्ये घातलं, आणि आतल्या माणसाने आदराने हाक मारली, "हवालदारसाहेब, डेंटलला बसा." दातांची डॉक्टर पंचविशीची मुलगी. "काका, आ करा. अजून मोठा." दाढेचं मूळ सडलं होतं. तिने भूल दिली, दाढ काढली, कापसाचा बोळा दाताखाली धरायला लावला. अण्णांनी एक रुपया दिला नाही. बाहेर आल्यावर कार्ड पुन्हा पिशवीत ठेवताना बोळ्याआडून एवढंच म्हणाले, "हे आमचं आहे."

हे कार्ड त्यांचं कसं झालं, याचीच ही कुळकथा.

लढणाऱ्या माणसाच्या देहाची जबाबदारी राज्याची, हा विचार आपल्याकडे जुना आहे. 1659 मध्ये प्रतापगडाखाली अफझलखानाचा पाडाव झाल्यावर शिवाजी महाराजांनी काय केलं, ते बखरकार सभासदाने नोंदवून ठेवलं आहे. पडलेल्यांच्या मुलांना पुढे चालवलं, मुलगा नसेल तर विधवेला निमं वेतन लावून दिलं, आणि जखमींना जखम पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले. पुढच्या मराठी कागदांत 'बालपरवेशी' हा शब्द भेटतो. लढाईत कामी आलेल्याच्या पोराबाळांसाठी लावून दिलेली ती नेमणूक. पण या सगळ्यात मोजली जाते ती जखम किंवा मरण. जो धडधाकट घरी परतला आणि नंतर म्हातारा झाला, त्याच्या दुखण्याचा विचार या हिशेबात नाही.

कंपनी सरकारनेही तोच हिशेब ठेवला. बंगालचा नवाब मीर जाफरने मृत्युपत्राने क्लाइव्हला ठेवलेल्या पाच लाख रुपयांतून 1770 मध्ये लॉर्ड क्लाइव्ह फंड उभा राहिला, तो कंपनीच्या जायबंदी गोऱ्या सैनिकांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी. हिंदी शिपायाला त्यात वाटा नव्हता.

पहिल्या महायुद्धाने हिंदी सैनिकाची ही जबाबदारी सरकारच्या अंगावर आणली. एकट्या साताऱ्याच्या आपशिंगे गावातले 46 जवान त्या युद्धात कामी आले. हातपाय गमावून परतलेल्यांना हुन्नर शिकवण्यासाठी 1917 मध्ये क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. ती आज खडकीत आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. 1974 मध्ये खडकीतच मणक्याच्या इजेने पांगळ्या झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आलं. या तिन्ही संस्थांचं मोल फार मोठं आहे. पण तिन्हींच्या दारात जायला जखम लागत होती.

बाकीच्या माजी सैनिकाने काय करायचं? सैन्यात असेपर्यंत एमआय रूम (पलटणीचा दवाखाना) आणि मिलिटरी हॉस्पिटल हक्काचं. निवृत्त झाल्यावर त्याच हॉस्पिटलमध्ये खाट रिकामी असेल, डॉक्टर आणि औषध मोकळं असेल, तर उपचार. नोकरीतल्या सैनिकाचा पहिला मान, हे योग्यच होतं. पण मिलिटरी हॉस्पिटल छावणीत, आणि निवृत्त सैनिक गावात. माण-खटावच्या म्हाताऱ्याने छातीत कळ आली म्हणून पुण्याचं कमांड हॉस्पिटल गाठायचं कसं? काही मोजक्या, खर्चिक शस्त्रक्रियांसाठी आर्मी ग्रुप इन्शुरन्सची वैद्यकीय योजना होती. मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू, दात यांसारख्या रोजच्या दुखण्यांना घरची पेन्शनच पुरवावी लागे.

याउलट केंद्र सरकारच्या मुलकी कर्मचाऱ्यांसाठी सीजीएचएस ही आरोग्य योजना दिल्लीत 1954 पासून सुरू होती, आणि तिथे निवृत्तांनाही जागा होती. साठीला निवृत्त होणाऱ्या कारकुनाला योजना, आणि पस्तिशी-चाळिशीत घरी धाडलेल्या जवानाला नाही, ही तफावत माजी सैनिकांच्या संघटना वर्षानुवर्षं मांडत राहिल्या. सैन्य तरुण ठेवायचं म्हणून जवानाला लवकर निवृत्त करतात. म्हणजे त्याच्या आयुष्याचा मोठा भाग सैन्याच्या डॉक्टरविना जातो, आणि तो सैन्याच्याच गरजेपोटी.

अखेर 30 डिसेंबर 2002 रोजी सरकारचं मंजुरीपत्र निघालं आणि 1 एप्रिल 2003 पासून एक्स-सर्व्हिसमेन काँट्रिब्युटरी हेल्थ स्कीम, म्हणजे ईसीएचएस, सुरू झाली. नमुना सीजीएचएसचा. सुरुवातीला 227 पॉलिक्लिनिक मंजूर झाली, त्यांतली 104 छावण्यांच्या ठिकाणी आणि 123 जिथे छावणी नाही तिथे. या कुळकथेतलं खरं वळण मला या 123 मध्ये दिसतं. आजवर सैनिकाने दवाखान्याकडे जायचं होतं, आता दवाखाना सैनिकाच्या जिल्ह्यात आला. 2010 मध्ये आणखी 199 मंजूर झाली. नेपाळच्या गोरखा माजी सैनिकांसाठी काठमांडू, पोखरा आणि धरानलाही दवाखाने निघाले.

पॉलिक्लिनिकमध्ये दातांचा डॉक्टर आणि दातांची खुर्ची ठेवली, हेही महत्त्वाचं. दात हा चैनीचा खर्च समजून गावाकडचा म्हातारा तो टाळतो, एका बाजूने चावतो, मग भाकरी कुस्करून खातो, मग खाणंच कमी करतो. पहिल्याच पायरीवर दाताची सोय झाल्यामुळे अण्णांसारख्यांची भाकरी वाचली. त्यापुढचं काम असेल तर पॉलिक्लिनिक रेफरल देतं, लष्करी रुग्णालयात किंवा यादीवरच्या खासगी हॉस्पिटलात.

योजनेच्या नावात 'काँट्रिब्युटरी' आहे, म्हणजे वर्गणी आहे. ती एकदाच भरायची. 2003 मध्ये पेन्शनच्या रकमेप्रमाणे 1,800 ते 18,000 रुपये होती. 2017 च्या अखेरीस ती हुद्द्याप्रमाणे झाली: हवालदारापर्यंत 30,000, जेसीओंना (कनिष्ठ कमिशन्ड अधिकाऱ्यांना) 67,000, अधिकाऱ्यांना 1,20,000. वर्गणी का भरायची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. 2006 च्या निकालात न्यायालयाने वैद्यकीय मदतीचं नातं जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडलं. वर्गणी मात्र बेकायदा ठरवली नाही. पण 1 जानेवारी 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांची वर्गणी सरकारने माफ करावी किंवा स्वतः भरावी, असं सांगितलं. सर्वांत कमी पेन्शनवर निघालेली ही पिढी त्यामुळे पैसे न भरता आत आली.

तरी दाराला एक उंबरठा राहिलाच. पेन्शन असेल तरच पात्रता होती. पेन्शनर आत आला की त्याच्याबरोबर पत्नी येते, मुलगा पंचवीस वर्षांचा होईपर्यंत किंवा कमावू लागेपर्यंत येतो, अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी येते, अपंग अपत्य जन्मभर येतं, आणि दरमहा 9,000 रुपये व महागाई भत्ता यांपेक्षा कमी उत्पन्नाचे आईवडील येतात. आपल्या एकत्र कुटुंबाची जाण या यादीत आहे. पण ज्याला पेन्शनच नाही, तो स्वतःसुद्धा आत येऊ शकत नव्हता.

असे लोक थोडे नव्हते. 1962 नंतर तातडीने भरती केलेले आणीबाणी कमिशनचे अधिकारी, पाच-दहा वर्षांनी निघालेले शॉर्ट सर्व्हिसचे अधिकारी, त्यांत कितीतरी महिला अधिकारी. यातल्या अनेकांनी 1965 आणि 1971 ची युद्धं पाहिली होती. दुसऱ्या महायुद्धातले उरलेले वृद्ध सैनिकही बाहेरच होते. त्यांच्यासाठी मार्च 2019 मध्ये दार उघडलं. मग उरले प्रशिक्षणातच जायबंदी झालेले छात्र. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत किंवा डेहराडूनच्या लष्करी अकादमीत ज्याचा मणका मोडला, त्याला कमिशन मिळालेलं नसे, म्हणून तो माजी सैनिकही ठरत नसे. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपणहून ही बाब हाती घेतली, आणि त्याच महिन्यात सरकारने त्यांना वर्गणी न घेता ईसीएचएसमध्ये घेतलं.

आज या योजनेत 50 लाखांहून अधिक माणसं आहेत. तिच्यात उणिवा आहेत. औषधं कधी मिळत नाहीत, बिलं थकली की खासगी हॉस्पिटलं कुरकुरतात, आणि आमच्या अण्णांसारख्यांना ऑनलाइन अर्जासाठी नातवाला हाताशी धरावं लागतं. हे सुधारायला हवं. पण माझी खरी काळजी उंबरठ्याची आहे.

2022 पासून जवानाची भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते. त्यांतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार. बाकीच्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएसही नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर त्याच्या प्रमाणात 44, 25 किंवा 15 लाख रुपये एकरकमी मिळतात. म्हणजे जखम पाहून होन देण्याची रीत कायम आहे. पण बाविसाव्या वर्षी गुडघा किंवा कान गमावलेल्या मुलाला पुढची पन्नास वर्षं डॉक्टर लागणार आहे, आणि एकरकमी पैसा पन्नास वर्षं पुरत नाही.

ईसीएचएसचा इतिहास दार रुंद होत जाण्याचा आहे, आणि दर वेळी बाहेर ताटकळलेल्या कुणीतरी ते ठोठावलं म्हणून ते रुंद झालं. या वेळी ठोठावण्याची वाट सरकारने पाहू नये. निदान सेवेत जडलेल्या दुखण्यापुरतं तरी अग्निवीराला हे कार्ड जन्मभरासाठी द्यावं. सभासदाने नोंदवलेली मोजणी जखमेची आहे, चाकरीच्या वर्षांची नाही.